पट्टीवर नाव कुणाचं?

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विधानसभेचं मतदान चार दिवसांवर आलेलं आणि अकोल्याच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग कमरेला लागतील एवढे. एका ढिगापाशी व्यापाऱ्याचा माणूस वाकला, मूठभर दाणे उचलले, दोन दाताखाली धरून फोडले आणि बाकीचे मशीनच्या वाटीत ओतून झाकण दाबलं. आकडा चौदाच्या वर गेला. ‘मॉइश्चर आहे,’ म्हणाला आणि भाव बोलला तो हमीभावाच्या सहा-सातशे रुपये खाली. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता. सरकारी खरेदीत बारा टक्क्यांवर ओल चालत नसे. १५ नोव्हेंबरला, म्हणजे मतदानाच्या पाच दिवस आधी, केंद्राने ती मर्यादा पंधरावर नेली. ढिगाच्या मालकाला हे कळलेलं होतं.

‘पंधरापर्यंत चालते म्हणे आता. मोबाईलवर आलं.’

‘चालत असन भाऊ. पण सेंटरवर बारदाना कुठी आहे?’

माल विकला गेला. हमाली, तोलाई वजा होऊन हातात पट्टी आली. ती घडी करून खिशात घालणाऱ्या त्या माणसाला मी, मास्तरकीची खोड म्हणून, विचारलं की मग आता मत कोणाला. तो हसला. ‘मताचं अलग आहे, सर.’ अलग म्हणजे कसं, असं विचारल्यावर म्हणाला, ‘अलग म्हणजे अलग.’

राज्यशास्त्र शिकवताना मी मतदारांच्या वर्तनावर बरंच वाचलं आणि त्याहून जास्त बोललो. या दोन शब्दांचा अर्थ लावायला मात्र मला बराच वेळ लागला. आमच्या भागाबद्दल बोलणाऱ्यांना हा वेळ लागत नाही. निकालाच्या दिवशी टीव्हीवर मुंबई-पुण्याचे जाणकार बसतात आणि वऱ्हाडचा निकाल दोन वाक्यांत लावतात. एक वाक्य जातीचं: इथे कुणबी, मराठा, माळी, बौद्ध, मुस्लिम, बंजारा, कोरकू अशी बेरीज करायची की झालं. दुसरं वाक्य पैशाचं: योजना वाटल्या, लोक विकले गेले. दोन्ही वाक्यांत मतदार बिनडोक आहे. पहिल्यात तो जन्माने बांधलेला, दुसऱ्यात दीड हजारांत मिळणारा. दोन्ही वाक्यं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. अर्धवट आहेत, आणि अर्धवट असूनही त्यांच्यावर धोरणं उभी राहतात.

आधी जातीचं पाहू. २६ एप्रिल २०२४ ला अकोला आणि अमरावती या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झालं. मूर्तिजापूर तालुका अकोल्यात, त्याला लागून असलेला दर्यापूर तालुका अमरावतीत. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, तूर, सोयाबीन, तेच सोयरे. एका गावची लेक दुसऱ्या गावात दिलेली. शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत जे मुद्दाम घडवून आणावं लागतं ते इथे मतदारसंघाच्या हद्दीने फुकटात करून ठेवलं होतं: सगळं सारखं, फक्त मतपत्रिकेवरची नावं वेगळी.

अकोल्यात प्रकाश आंबेडकर स्वतः उभे होते. त्यांना २,७६,७४७ मतं पडली आणि ते तिसरे आले. भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी काँग्रेसच्या अभय पाटलांच्या पुढे राहिले. हद्दीपलीकडे अमरावतीत त्यांच्या वंचित बहुजन आघाडीने आनंदराज आंबेडकरांना पाठिंबा दिला होता. घराणं तेच, बाबासाहेबांचं. पण तिथे ते लढतीतच आले नाहीत. काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी नवनीत राणांना हरवून गेले. मतदान गुप्त असतं, कुणी कुणाला दिलं हे बेरजेवरून नक्की सांगता येत नाही, ही सावधगिरी मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. तरी एवढी मोठी तफावत केवळ गणिताच्या गंमतीने निघत नाही. अकोल्यात ‘आपला माणूस’ म्हणजे आंबेडकर आणि अमरावतीत ‘आपला माणूस’ म्हणजे वानखडे, असा निर्णय एकाच बौद्ध समाजाच्या लोकांनी, एकाच दिवशी, तीस-चाळीस किलोमीटरच्या अंतरावर घेतला. जात दोन्हीकडे तीच होती. बदलला तो अंदाज: इथे कोण निवडून येऊ शकतो, कोण आपल्याला विचारेल, कोण कुणाला पाडेल.

कांचन चंद्रा या अभ्यासकाने भारतातल्या निवडणुकांबद्दल मांडलेलं एक सूत्र आहे. सरकारी कृपेवर बरंच काही अवलंबून असलेल्या समाजात मतदार डोकी मोजतो. आपल्या माणसांची डोकी जिथे निवडून येण्याइतकी भरतात तिथेच तो जातीवर मत देतो. भरत नसतील तर दुसरीकडे वळतो. ही मोजणी थंड डोक्याची असते. ज्याला आपण ‘अकोला पॅटर्न’ म्हणतो तो तरी दुसरं काय होता? बौद्ध मतं एकटी पुरणार नाहीत हे ओळखून प्रकाश आंबेडकरांनी बंजारा, माळी, धनगर, मुस्लिम, छोट्या-छोट्या जाती यांची मोट बांधली. जिल्हा परिषदेची सत्ता त्या मोटेने वर्षानुवर्षं हातात ठेवली. लोकसभेला मात्र ते १९९८ आणि १९९९ ला निवडून आले आणि नंतर नाहीत. १९९८ ला काँग्रेसशी समझोता होता. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार झाले, त्यात अकोल्यातून आंबेडकर आणि अमरावतीतून रा. सू. गवई. समझोता तुटला की मोजणी बदलते. तोच मतदार जिल्हा परिषदेला एक आकडा धरतो आणि लोकसभेला दुसरा, कारण दोन्हीकडे लागणारी डोकी वेगळी. याला जातीची गुलामी म्हणणाऱ्याने स्वतः कधी तेरा उमेदवारांच्या जिल्हा परिषद सर्कलमध्ये उभं राहून पाहावं.

अमरावतीचा इतिहास तर बेरजेच्या वाक्याला आणखीच नडतो. पंजाबराव देशमुखांना १९५२ पासून तीनदा लोकसभेत पाठवणाऱ्या या शहराने १९८९ ला कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख निवडून दिले, १९९१ ला प्रतिभाताई पाटील, पुढे शिवसेनेचे अनंत गुढे, मध्ये गवई, मग अडसूळ, मग २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष नवनीत राणा, आणि त्याच राणा २०२४ ला भाजपच्या तिकिटावर उभ्या राहिल्यावर काँग्रेस. पस्तीस वर्षांत लाल, तिरंगा, भगवा, निळा, अपक्ष, पुन्हा तिरंगा. जातींचं प्रमाण काही पस्तीस वर्षांत सहा वेळा बदललं नाही.

दुसरं वाक्य पैशाचं. हे जास्त गंभीर आहे, कारण हल्ली अर्थसंकल्प त्याच्यावर लिहिले जातात. आणि इथे वऱ्हाडकडे बराच जुना पुरावा आहे.

१ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा. थकीत व्याज माफ, सिंचनाला मोठी रक्कम, शिवाय जोडधंदा म्हणून संकरित गाई. ज्या गावात फेब्रुवारीनंतर माणसाला प्यायला पाणी नाही त्या गावात होल्स्टिनची गाय आली. तिला कडबा कुठून आणायचा, हा विनोद तेव्हा पारावर फिरत होता आणि हसणाऱ्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मग २९ फेब्रुवारी २००८ ला केंद्राच्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली. पाच एकरांपर्यंतच्यांना पूर्ण, त्यावरच्यांना एकरकमी भरल्यास सूट. ऊस-द्राक्षाच्या पाच एकरांत आणि आमच्या कोरडवाहू पाच एकरांत फरक असतो हे दिल्लीच्या फाईलीत नव्हतं. इथला आठ-दहा एकरांचा शेतकरी कागदावर मोठा आणि घरात कंगाल. तो माफीच्या बाहेर राहिला. सावकाराकडचं कर्ज तर मुळात कुठल्याच यादीत नव्हतं.

२००९ ला लोकसभेची निवडणूक झाली. देशात काँग्रेस २०६ जागांवर गेली आणि पंडितांनी कर्जमाफीचा कौल म्हणून तो निकाल वाचला. ज्या सहा जिल्ह्यांसाठी एवढं सगळं झालं तिथे काय झालं? अकोल्यात भाजपचे संजय धोत्रे. अमरावतीत शिवसेनेचे आनंदराव अडसूळ. बुलडाण्यात शिवसेनेचे प्रतापराव जाधव. यवतमाळ-वाशीममध्ये शिवसेनेच्या भावना गवळी. पाचपैकी एकटी वर्ध्याची जागा दत्ता मेघेंनी काँग्रेसला दिली. पैशाने मत मिळतं म्हणणाऱ्याने हा निकाल समोर ठेवून बोलावं. अकोल्यात मतं तिघांत फुटली होती, प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं होतं, हे मान्य. पण पैशाला मत विकत घेण्याची ताकद असती तर जिथे सर्वांत जास्त गाजावाजा झाला तिथेच ती एवढी फुसकी ठरली नसती.

मग २०२४. उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या खात्यात पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो सन्माननिधीचे आणखी सहा हजार येत होते. तरी अमरावतीची जागा गेली, राज्यात सत्तेतली महायुती ४८ पैकी १७ वर आली. जूनअखेर लाडकी बहीण योजना जाहीर झाली, राखीपौर्णिमेच्या आधी जुलै-ऑगस्टचे तीन हजार खात्यात पडू लागले आणि नोव्हेंबरात महायुतीने २८८ पैकी २३० जागा घेतल्या. अमरावती जिल्ह्यात आठपैकी सात. तिवशातून यशोमती ठाकूर पडल्या, अचलपुरातून बच्चू कडू पडले. सहा महिन्यांत तोच मतदार. वर्षाला बारा हजार देऊन मत मिळालं नाही आणि महिन्याला दीड हजार देऊन मिळालं, म्हणजे आणखी सहाच हजारांचा फरक. रकमेने हे कोडं सुटत नाही.

माझ्यापुरतं ते दर्यापूर तालुक्यातल्या एका ओसरीवर सुटलं. नात्यातल्या एका काकूंकडे गेलो होतो. वय साठीच्या अलीकडचं, नवऱ्याच्या माघारी सातबारा दिराच्या आणि मुलाच्या नावावर. त्यांनी पदराच्या गाठीतून मोबाईल काढला, साधा बटणांचा, आणि बँकेचा मेसेज माझ्यापुढे धरला. इंग्रजीत होता. नातीने तो त्यांना इतक्यांदा वाचून दाखवला होता की कुठला आकडा रकमेचा हे त्यांना बोटाने दाखवता येत होतं. म्हणाल्या, ‘हे पाय, माह्या नावानं आले.’ त्या ‘माह्या’वर जो जोर होता तो मला आजही ऐकू येतो. कर्जमाफी या घरात दोनदा येऊन गेली होती. २०१७ ची दीड लाखांची आणि २०१९ ची दोन लाखांची. दोन्ही वेळा ती सातबाऱ्याच्या वाटेने आली, सोसायटीच्या खात्यात एक आकडा कमी झाला आणि संपली. काकूंना ती दिसलीच नाही. माफीची रक्कम शंभरपट मोठी होती, पण तिच्यावर त्यांचं नाव नव्हतं. आणि देणाऱ्याचं नाव? बँक म्हणाली आमच्यामुळे, सोसायटीचा सचिव म्हणाला माझ्यामुळे, यादी पुण्याहून आली, अट मुंबईची. इथे मात्र देणारा एक, घेणारी एक, मध्ये कुणी नाही.

पाश्चात्त्य राज्यशास्त्रात याला जबाबदारीची स्पष्टता म्हणतात. पॉवेल आणि व्हिटन या दोघांनी १९९३ मध्ये काही देशांच्या निवडणुका तपासून दाखवलं की कुठल्या निर्णयाला कोण जबाबदार हे जिथे उघड असतं तिथे मतदार आर्थिक स्थितीवरून सरकारला शिक्षा किंवा बक्षीस देतो. सत्ता अनेकांत विखुरलेली असेल तर ती जोडणी तुटते. मी तेच आमच्या भाषेत म्हणेन: पट्टीवर नाव लागतं. मालाची पट्टी निघते तेव्हा तिच्यावर विकणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, वजन असतं, भाव असतो. एवढं असलं की शेतकरी भांडू शकतो. नाव नसलेल्या कागदावर कुणी भांडत नाही.

यावर ख्रिस्तोफर आकेन आणि लॅरी बार्टल्स यांचं म्हणणं उलट आहे. मतदार आंधळेपणाने शिक्षा देतो, असं ते सांगतात आणि उदाहरण म्हणून १९१६ सालच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या शार्क माशांच्या हल्ल्यांचं देतात. शार्कने माणसं मारली आणि अध्यक्ष विल्सनची मतं घटली. पुढे इतरांनी तो पुरावा उसवून पाहिला आणि तो फार टिकला नाही. आपल्याकडे कोल, हीली आणि वर्कर या तिघांनी भारतातल्या पावसाच्या आणि निवडणुकांच्या आकड्यांवर काम केलं. पाऊस बिघडला की सत्ताधाऱ्याची मतं घटतात, पण सरकारने मदतीला हात घातला तर घट कमी होते. म्हणजे भारतातला शेतकरी पावसाचा राग सरकारवर थोडा काढतो हे खरं, पण सरकार काय करतंय हेही पाहतो. वऱ्हाडात जुन्या पिढीला हे सांगायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर मुकादम कोण होता, हे आमच्या गावात अजून नावाने सांगतात. पाऊस कुणी पाडला नाही हे कुणी सांगत नाही.

आता यातला कडू भाग. मतदार नाव असलेल्या गोष्टीवर मत देत असेल तर राजकारणी नाव लावता येईल अशाच गोष्टी करणार. खात्यात पैसे, सभामंडप, गावाच्या वेशीवर कमान, आमदार निधीतलं हायमास्ट. ज्यावर नाव लागत नाही ते कुणी करणार नाही. आणि वऱ्हाडचं जे मोठं दुखणं आहे त्यातल्या जवळपास कशावरही नाव लागत नाही.

कापसाचा भाव घ्या. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. ती वाईट चालली, तिच्यात भ्रष्टाचार झाला, चेक उशिरा आले, सगळं खरं. पण एकाधिकाराच्या काळात कापसाचा भाव मुंबईत ठरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मंत्रालयावर मोर्चा नेता येत होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं आंदोलन त्याच सोयीवर उभं होतं: भांडायला समोर कुणीतरी होतं. पुढे एकाधिकार गेला, बाजार मोकळा झाला आणि भाव ठरण्याची जागा कुणाच्याच हातात राहिली नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. ऐन बोंडं फुटायच्या हंगामात. या निर्णयाची किंमत अकोट-तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याने मोजली, पण त्याचं खापर फोडायला त्याच्या मतपत्रिकेवर कुणाचं नाव होतं? खासदार म्हणेल मी पत्र दिलं. आमदार म्हणेल हा केंद्राचा विषय. दोघंही खरं बोलतील. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं तर आणखी लांबचं. बांगलादेशाने आयात कर टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि इकडे बाग तोडायची वेळ आली. ढाक्यातल्या अर्थमंत्र्याला मोर्शीचा मतदार कसा पाडणार?

सिंचनाचा अनुशेष हे याहून जुनं प्रकरण. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये तो मोजला. पुढे १९९४ ला विदर्भाचं वैधानिक विकास मंडळ झालं. अनुशेष दूर झाल्याचं कागदावर अनेकदा जाहीर झालं, पण अमरावती विभागातल्या जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष उरलाच. ३० एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली. कोरोनाचे दिवस होते. गावात कुणाला कळलंही नाही. ‘अनुशेष’ हा शब्दच पाहा ना. चाळीस वर्षं हा शब्द आम्ही परिसंवादांत वापरतोय आणि एकाही शेतकऱ्याच्या तोंडी तो मला ऐकू आला नाही. ज्याचं नाव लोकांच्या तोंडी नाही त्याच्यासाठी मत कसं पडेल? हा दोष आमच्यासारख्यांचा, त्यांचा नव्हे.

बेनाव दुखण्याला नाव मिळालं तर काय होतं, याचं एक उदाहरण मात्र इथेच आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून साडेचार लाख हेक्टरांहून जास्त खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारट, पिकालाही न चालणारं. पिढ्यान् पिढ्या लोक ते पाणी पीत आले आणि मूत्रपिंडाच्या आजाराने मेले. कुठल्याही निवडणुकीत खारं पाणी हा मुद्दा झाला नाही, कारण ते जमिनीतून येतं, त्याला कुणी आणलं नाही. मग बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांसाठी वान धरणातून पाणी आणायची योजना निघाली. तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध, कारण वानचं पाणी म्हणजे त्यांचं ओलीत. आणि त्यांचीही बाजू खरीच होती. सरकारने योजनेला स्थगिती दिली. त्यावर बाळापूरचे आमदार नितीन देशमुख एप्रिल २०२३ मध्ये खारं पाणी घेऊन अकोल्याहून पायी नागपूरला निघाले, हे पाणी उपमुख्यमंत्र्यांनी पिऊन दाखवावं म्हणून. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी अडवलं. नाटक होतं का? होतं. पण त्या नाटकाने हजारो वर्षांच्या भूगर्भाला एक स्थगिती, एक सही आणि एक तारीख दिली. २०२४ ला आसपास महायुतीची लाट असताना देशमुख ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर पुन्हा निवडून आले. तिरंगी लढत होती. पाण्यानेच निवडून आले असं लिहिण्याचं धाडस मी करणार नाही. पण लाडकी बहीण बाळापुरातही होती, हे विसरू नये.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मतदाराला फार शहाणा ठरवताय. बच्चू कडूंचं काय? अचलपुरात वीस वर्षं, चार वेळा आमदार. दिव्यांगांची कामं, रात्री-अपरात्री दवाखान्यात उभं राहणं, विहिरीवर, टाकीवर चढून आंदोलनं. नाव लागलेल्या कामांची त्यांच्याइतकी मोठी यादी विदर्भात कुणाची नसेल. तरी २०२४ ला भाजपचे प्रवीण तायडे जिंकले. माझ्या म्हणण्याला इथे खडा लागतो हे मी कबूल करतो. एक उत्तर असं देता येईल की कडू ठाकरे सरकारात राज्यमंत्री होते, २०२२ ला शिंद्यांबरोबर गुवाहाटीला गेले, २०२४ ला तिसऱ्या आघाडीत आले. कामावर नाव लख्ख राहिलं पण नावाच्या मागचा पक्ष पुसट झाला. हे उत्तर मला स्वतःला अर्धंच पटतं. माणसं फक्त हिशेबाने मत देत नाहीत. त्या नोव्हेंबरात धर्माचं वारंही सुटलं होतं आणि वाऱ्याला पट्टी नसते. गंमत म्हणजे आमदारकी गेल्यावर कडूंचा आवाज वाढला. जून २०२५ मध्ये त्यांनी मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात उपोषण केलं, ऑक्टोबरात ट्रॅक्टर घेऊन नागपूरला रस्ते अडवले आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ हे मुख्यमंत्र्यांकडून वदवून घेतलं. आमदार असताना ज्यावर तारीख मिळाली नव्हती त्यावर पडल्यावर तारीख मिळाली. याचा अर्थ निवडणूक आणि धोरण यांच्यातली दोरी आपण समजतो तेवढी सरळ नाही, आणि मत हा ती ओढण्याचा एकच मार्गही नाही.

राज्यशास्त्राच्या अभ्यासाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. महाराष्ट्रात मतदारांचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. वि. म. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांना प्रश्न विचारले, तेव्हा देशात असं काही करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे रजनी कोठारींच्या दिल्लीच्या संस्थेने १९६७ पासून देशभर पाहण्या केल्या, लोकनीतीने आणि सुहास पळशीकरांसारख्यांनी त्यांना महाराष्ट्राच्या मातीत आणलं. त्या पाहण्यांतून आपल्याला कळतं की कुठल्या जातीने, वयाने, लिंगाने कुणाला किती टक्के मत दिलं. ते मोलाचं आहे. पण प्रश्नावलीत ‘सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता’ असं विचारलं की वऱ्हाडचा शेतकरी ‘भाव’ म्हणतो, आणि मत पाहिलं की भावावर नाही. अभ्यासक मग लिहितो: मुद्दा आणि मत यांच्यात विसंगती. ती विसंगती नसते. त्याला भाव महत्त्वाचा वाटतो आणि भावाची कळ आमदाराच्या हातात नाही हेही ठाऊक असतं. ‘मताचं अलग आहे’ याचा मला लागलेला अर्थ हा. प्रश्नावलीत आणखी एक रकाना हवा: हे कोण करू शकतो असं तुम्हाला वाटतं? तो रकाना भरला की जात आणि पैसा यांच्या जागी एक वेगळाच नकाशा दिसेल असा माझा कयास आहे.

त्या नकाशात सगळ्यात जवळचं नाव नगरसेवकाचं आणि जिल्हा परिषद सदस्याचं असायला हवं. नाली तुंबली, नळ आला नाही, शाळेत मास्तर नाही, ही कामं ज्याच्या दारात जाऊन सांगता येतात तो माणूस. अमरावती आणि अकोला महापालिकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, कारणं काहीही असोत. या काळात दोन मोठ्या शहरांत मतदाराच्या सगळ्यात जवळची पट्टी कोरी होती. अकोला पश्चिममध्ये तर गोवर्धन शर्मांच्या निधनानंतर २०२३ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर आमदारही नव्हता. पोटनिवडणूक जाहीर झाली आणि उच्च न्यायालयाने रद्द केली. नगरसेवक नाही, आमदार नाही, महापौर नाही. नालीसाठी लोक खासदाराला फोन करत होते. हे लोकांचं अज्ञान नव्हतं. उरलेलं तेवढंच एक नाव होतं.

त्या सोयाबीनवाल्याची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती २०२५ च्या दिवाळीनंतर, त्याच यार्डात. या वेळी हमीभाव ५३२८ झाला होता आणि ढीग निम्म्याने लहान. अतिवृष्टीत बाकीचं गेलं. मशीनवर आकडा आला, भाव बोलला गेला, पट्टी निघाली. मी काही विचारलं नाही. त्यानेच विचारलं, ‘सर, ते कापसाचं शुल्क काढलं म्हणतात, ते कोणतं खातं हो? शेतीचं का अर्थचं?’ मी म्हणालो, आदेश अर्थ खात्याचा निघतो. ‘मंग त्याचा मंत्री कुठून निवडून येते?’ मी सांगितलं, राज्यसभेवरून, कर्नाटकातून. त्याने पट्टीची घडी केली, खिशात घातली आणि गाडी जुपायला निघून गेला.